जुनी लक्झरी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेताना: बिघाड कुठे शोधायचे आणि खर्च कसा मोजायचा

सात-आठ वर्षं जुनी ऑडी क्यू३ किंवा बीएमडब्ल्यू एक्स१ एखाद्या नव्या साध्या हॅचबॅकच्या भावात दिसली की मन चळतंच. माझंही चळलं होतं. तेव्हा एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती: गाडी सेकंडहँड होते, तिचे पार्ट होत नाहीत. गाडीची किंमत उतरत उतरत एक तृतीयांशावर आली तरी तिचा वॉटर पंप, हेडलाइट आणि गिअरबॉक्स महागड्या नव्या गाडीच्याच भावाने विकले जातात.

दुसरी गोष्ट मी पैसे मोजून शिकलो. बिलाचा आकार पार्टच्या किमतीवर कमी ठरतो. त्या पार्टपर्यंत पोहोचायला किती उघडावं लागतं आणि तो सुटा मिळतो की अख्ख्या जोडणीसकट घ्यावा लागतो, यावर तो जास्त ठरतो. या गाड्यांचा बॉनेट लहान, बहुतेकींचं इंजिन आडवं बसवलेलं आणि त्याभोवती टर्बो, कूलर, पाइप, सेन्सर ठासून भरलेले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा प्रकार इथे रोजचा आहे. म्हणून ‘हे बिघडेल का?’ यापेक्षा ‘हे बिघडलं तर काय काय खोलावं लागेल?’ हा प्रश्न जास्त कामाचा.

पायरी १: मॉडेल नाही, इंजिन आणि गिअरबॉक्सची जोडी निवडा

‘एक्स१ कशी आहे?’ या प्रश्नाला उत्तर नाही. २००९ ते २०१५ ची पहिली एक्स१ मागच्या चाकांवर चालणाऱ्या रचनेची, इंजिन उभं. २०१५ नंतरची दुसरी पिढी पुढच्या चाकांच्या रचनेची, इंजिन आडवं, मिनी कंट्रीमनशी नातं सांगणारी. नाव एक, गाड्या दोन.

पहिल्या पिढीत एन४७ नावाचं डिझेल इंजिन आलं. त्याची टायमिंग चेन (इंजिनच्या व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारी साखळी) इंजिनच्या मागच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजिनांत ही चेन आणि तिचे गाइड झिजल्याच्या तक्रारी भरपूर. चेनचा संच फार महाग नाही, पण तिथे हात घालायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, बऱ्याचदा इंजिनच बाहेर काढतात. त्याच काळातल्या एन२० पेट्रोल इंजिनात चेनच्या प्लास्टिक गाइडचा प्रश्न. तो तुकडा तुटून खाली ऑइल पंपाच्या जाळीत अडकला की इंजिनला तेल मिळत नाही.

ऑडी क्यू३ ची पहिली पिढी २०११ ते २०१८. तिच्या सुरुवातीच्या २.० लिटर टर्बो पेट्रोलमध्ये (ईए८८८ घराणं) पिस्टनच्या रिंगांमुळे ऑइल पिण्याची खोड आणि चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरची कटकट या दोन्ही गोष्टी ऐकायला मिळतात. नंतरच्या आवृत्त्या सुधारल्या. याच घराण्यात थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचं प्लास्टिक हाउसिंग इनटेक मॅनिफोल्डखाली दडलेलं असतं, आणि उष्णतेने वाकून ते गळायला लागतं.

पहिल्या रेंज रोव्हर इव्होकचं (२०११ ते २०१८) डिझेल घेणार असाल आणि फिरणं फक्त गल्लीबोळातलं असेल, तर मी सरळ ‘नको’ म्हणेन. कारण पुढे डीपीएफच्या (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) जागी सांगतो.

म्हणजे जाहिरात पाहताना रंग आणि सनरूफच्या आधी इंजिनचा कोड, निर्मितीचं वर्ष आणि गिअरबॉक्सचा प्रकार विचारा. विकणाऱ्याला माहीत नसेल तर चासी क्रमांक मागा. त्या १७ अक्षर-आकड्यांतून सगळं निघतं.

पायरी २: जायच्या आधी कागद

चासी क्रमांक मिळाला की दोन कामं. कंपनीच्या वेबसाइटवर टाकून एखादा रिकॉल बाकी आहे का ते पाहा. २०१८ मध्ये बीएमडब्ल्यूने बऱ्याच डिझेल गाड्या ईजीआर कूलरसाठी (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग) परत बोलावल्या होत्या, कारण कूलंट गळून काजळीत मिसळलं की आग लागण्याचा धोका होता. टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगचा रिकॉल तर कित्येक कंपन्यांना भोवला. रिकॉलचं काम अधिकृत ठिकाणी फुकट होतं. ते बाकी ठेवणारा मालक बाकीच्या गोष्टींतही तसाच असतो, असा माझा अनुभव.

दुसरं, सर्व्हिसचा इतिहास. शिक्के मोजू नका, अंतरं वाचा. या गाड्यांचा संगणक कधीकधी ३०,००० किलोमीटरनंतर ऑइल बदलायला सांगतो. नव्या गाडीच्या मालकाला ते सोयीचं, तिसऱ्या मालकाला महागाचं. दर १०,००० ते १५,००० किलोमीटरला किंवा वर्षाला ऑइल बदललेली गाडी किलोमीटर जास्त झालेली असली तरी मी आधी तीच बघेन. आणि ‘गिअरबॉक्सचं ऑइल लाइफटाइम आहे’ असं कुणी म्हणालं तर हसून विषय बदला. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनीच आपल्या ८-स्पीडचं ऑइल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी बदला म्हणते. क्यू३ मधल्या ओल्या क्लचच्या (म्हणजे ऑइलमध्ये चालणाऱ्या) ड्युअल क्लच गिअरबॉक्सला दर ६०,००० ला नवं ऑइल लागतं. त्याचं बिल फाइलमध्ये नसेल तर काम झालेलंच नाही असं समजून भाव करा.

पायरी ३: इंजिन थंड असताना पोहोचा

विकणाऱ्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर काहीतरी लपवायचं असण्याची शक्यता धरा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा या.

चालू करताना खिडक्या उघड्या, रेडिओ आणि एसी बंद. पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळी खुळखुळल्यासारखा आवाज आला आणि मग थांबला तर चेन टेन्शनरकडे बोट जातं. न थांबता येत राहिला तर गाडीला नमस्कार करून निघा. धूर निळसर असेल तर ऑइल जळतंय. पांढरा, गोडसर वासाचा आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा असेल तर कूलंट जळतंय. थंड सकाळी थोडी वाफ निघणं वेगळं, त्याला घाबरू नका.

ऑइलची पातळी बघायला गेलात तर एक गंमत होईल: बऱ्याच गाड्यांना डिपस्टिकच नाही, पातळी पडद्यावर वाचावी लागते. डिझेलमध्ये ती खुणेच्या वर असेल तर खूश होऊ नका. अर्धवट राहिलेल्या डीपीएफ सफाईतलं डिझेल ऑइलमध्ये उतरलंय, असा त्याचा अर्थ निघू शकतो. ते ऑइल पातळ झालेलं असतं, आणि पातळ ऑइलवर टर्बो आणि चेन दोघांचं आयुष्य घटतं.

पायरी ४: स्कॅनर, आणि पुसलेली पाटी

‘सेन्सरचा किरकोळ प्रॉब्लेम आहे, बाकी गाडी एक नंबर.’ हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच. प्रॉब्लेम खरंच किरकोळ असता तर विकण्याआधी काढून टाकला असता, एवढं लक्षात ठेवा.

स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर फक्त इंजिनचे ठरावीक कोड वाचतो. या गाड्यांत गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग, दरवाजे, सीट असे कितीतरी वेगळे संगणक असतात. त्यांच्यासाठी त्या कंपनीचं सॉफ्टवेअर असलेला माणूस हवा: ऑडीला व्हीसीडीएससारखं, बीएमडब्ल्यूला इस्टा, मर्सिडीजला झेन्ट्री. तो तासभराचे पैसे घेईल. द्या.

तरी स्वस्त स्कॅनर एका कामाला फार उपयोगी पडतो. कोड पुसले की गाडीच्या आतल्या स्व-तपासण्यांची नोंदही शून्यावर येते, आणि त्या पुन्हा पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं. स्कॅनरमध्ये ‘रेडिनेस’ नावाचं पान असतं. तिथे अर्ध्या गोष्टी अपूर्ण दिसल्या, किंवा ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ २० किलोमीटर दिसलं, तर कुणीतरी सकाळीच पाटी कोरी केली आहे. अशा पाटीवर सौदा करायचा नाही.

डिझेल असेल तर त्या माणसाला डीपीएफमधली काजळी, राख आणि शेवटच्या सफाईनंतरचं अंतर वाचायला सांगा. काजळी जळून जाते, राख जात नाही, साठतच राहते. सफाईला फिल्टरचं तापमान साधारण ६०० अंशांपर्यंत जावं लागतं, आणि त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं सलग वेगाने चालवावं लागतं. रोज चार-पाच किलोमीटर जाऊन गाडी बंद करणाऱ्याचा डीपीएफ कधीच नीट साफ होत नाही. मागे इव्होकला ‘नको’ म्हटलं ते यासाठी. गाडी वाईट नसते, तिचं वेळापत्रक तुमच्याशी जुळत नाही.

पायरी ५: चालवून बघा, पण घाई न करता

दहा मिनिटांची चक्कर काही सांगत नाही. ड्युअल क्लच गिअरबॉक्स थंड असताना शहाण्यासारखा वागतो. अर्धा तास गर्दीत रांगल्यावर त्याचे गुण दिसतात. चढावर थांबून हळूच पुढे सरका, रिव्हर्स घ्या, पुन्हा पुढे. थरथर, धक्का, गिअर पडायला क्षणभर उशीर, हे सगळं टिपा. या गिअरबॉक्समध्ये एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. धक्का फक्त दोन, चार, सहाला येत असेल तर दोष एका बाजूला आहे. मेकॅनिकला हे सांगितलंत तर त्याचा अर्धा तास वाचेल.

चारही चाकं ओढणारी गाडी असेल तर मोकळ्या कोरड्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. चाकं अडखळल्यासारखी वाटली तर टायर पाहा. चारही एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत. जोडीजोडीने वेगळे टायर घालून वाचवलेले पैसे पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारी मधली कपलिंग व्याजासकट वसूल करते. क्यू३ सारख्या गाड्यांत या कपलिंगच्या पंपाला बारीक जाळी असते, ती क्लचच्या भुकटीने तुंबते. ऑइल बदलताना पंप काढून जाळी धुतली तर हे छोटं काम, नाही धुतली तर पंप जळतो. सर्व्हिसच्या यादीत हे काम बऱ्याचदा राहून जातं. टायरच्या बाजूवरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर आहे म्हणून टायर तरुण असतोच असं नाही.

पायरी ६: ओलावा हुंगा

हे हसण्यावारी नेऊ नका. पॅनोरमिक सनरूफच्या चार कोपऱ्यांतून पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. पानं, धूळ अडकली की पाणी आत उतरतं, गालिच्याखाली साठतं, आणि गालिच्याखालीच वायरिंगचे जोड आणि काही संगणक असतात. पुढच्या पायांजवळच्या मॅटखाली हात दाबून बघा. डिकीत स्टेपनीची जागा बघा. कुबट वास, किंवा वास झाकायला टांगलेली तीन अत्तरं, दोन्ही सारखंच सांगतात. नळी साफ करणं दहा मिनिटांचं काम. भिजलेलं वायरिंग शोधणं आठवड्याचं.

हेडलाइटच्या आत वाफेचे थेंब दिसले तर तेही लिहून ठेवा. एलईडी दिव्यांचा बल्ब सहसा बदलता येत नाही, बहुतेक वेळा अख्खा दिवाच येतो.

पायरी ७: हिशोब

दर जागेगणिक आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून मी एक माप वापरतो. चांगल्या स्वतंत्र गॅरेजमध्ये त्या गाडीची वार्षिक सर्व्हिस (ऑइल, तीन फिल्टर, मजुरी) किती पडते ते विचारा. त्याला ‘एक माप’ म्हणा. बाकी सगळं त्याच्या पटीत. पुढचे आकडे माझे ढोबळ आहेत, मॉडेलप्रमाणे वरखाली होतील.

झिजणाऱ्या गोष्टी आधी, कारण त्या येणारच. बॅटरी साधारण एक माप. स्टार्ट-स्टॉपच्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या) गाडीला बहुतेक वेळा एजीएम प्रकारची बॅटरी लागते, आणि बऱ्याच गाड्यांत बदलल्यावर संगणकाला नव्या बॅटरीची नोंद द्यावी लागते, नाहीतर तो जुनी समजूनच चार्ज करत राहतो. पुढचे-मागचे ब्रेक पॅड आणि डिस्क मिळून दोन ते तीन मापं. मागचे पॅड बदलताना इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक स्कॅनरने मागे घ्यावा लागतो. चार टायर दोन ते तीन, रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) किंवा १९ इंची असतील तर अजून.

मग मधला मजला. कूलंटचं हाउसिंग किंवा वॉटर पंप दोन ते तीन मापं. सस्पेन्शनचे आर्म आणि बुश दोन. थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हवरून वाहत नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि काजळी साठते. अक्रोडाच्या कवचाचा भुगा मारून ती काढतात, ते एक-दोन मापं. एसीचा इव्हॅपोरेटर (डॅशबोर्डमागे हवा थंड करणारा भाग) गळला तर मात्र डॅशबोर्ड पूर्ण उतरतो. पार्टचं बिल वाचताना बरं वाटेल, मजुरीचं वाचताना बसून घ्या.

वरचा मजला: टर्बो, टायमिंग चेन, डीपीएफ नवा घालणं, ड्युअल क्लचचं मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा नियंत्रक भाग). प्रत्येकी सहापासून दहा मापांपर्यंत. यातल्या दोन गोष्टी एका वर्षात आल्या तर दुरुस्तीचा आकडा गाडीच्या बाजारभावाच्या अंगावर यायला लागतो.

आणि एक खर्च जाहिरातीत ‘फीचर’ म्हणून छापलेला असतो. मऊ-कडक होणारे शॉक अॅब्सॉर्बर साध्यांच्या कित्येक पट. काचेवर वेग दाखवणारा डिस्प्ले असेल तर समोरची काच वेगळी, आणि काचेमागे कॅमेरा असेल तर काच बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन. म्हणून मी नवख्याला भरगच्च टॉप मॉडेलपेक्षा मधलं, छोट्या चाकांचं, साध्या शॉकचं मॉडेल घ्यायला सांगतो. मित्रांसमोर मिरवायला जरा कमी पडतं, एवढंच.

खरेदीच्या दिवशी आठ मापं वेगळी काढून ठेवता येत नसतील तर एक पायरी खालची गाडी बघा. कर्ज काढून गाडी आणि क्रेडिट कार्डावर दुरुस्ती, ही जोडी मी दोन ओळखीच्या घरांत पाहिली आहे. दोन्हीकडे गाडी वर्षाच्या आत विकली गेली.

पायरी ८: गाडीच्या आधी गॅरेज शोधा

क्रम उलटा वाटेल, पण त्या ब्रँडवर काम करणारा, स्वतःचं सॉफ्टवेअर असलेला स्वतंत्र मेकॅनिक आधी गाठा आणि त्याच्याकडूनच गाडी तपासून घ्या. त्याला विचारा, ‘तुम्ही स्वतः यातलं कुठलं इंजिन घ्याल?’ एवढ्या एका प्रश्नातून चाळीस जाहिराती गळतात.

माझ्या पहिल्या गाडीत एका दुपारी पडद्यावर सात इशारे एकदम आले. स्टिअरिंग, एबीएस, पार्किंग, सगळं. एका ठिकाणी तीन मॉड्यूल बदलायची यादी हातात दिली. दुसऱ्याने आधी बॅटरीचा व्होल्टेज मोजला. बॅटरीच मरायला टेकली होती. नवी घातली, नोंद केली, साती इशारे गेले. तेव्हापासून आधी मोजणारा माणूस मला आवडतो.

पैसे खरे वाचतात ते पार्टच्या डब्यात. गाडीच्या कंपन्या बहुतेक पार्ट स्वतः बनवत नाहीत. बॉश, साक्स, लेमफर्डर, माहले, हेला, व्हॅलिओ बनवतात, आणि तोच माल आपल्या डब्यातही विकतात. गाडीच्या कंपनीचा शिक्का नसल्याने तो बराच स्वस्त पडतो. शिवाय नातेवाईक ओळखा: पहिली क्यू३ फोक्सवॅगनच्या पीक्यू३५ सांगाड्यावर, टिग्वानच्या घरातली, मर्सिडीज जीएलए ए-क्लासच्या घरातली. पार्ट नंबर जुळवला की साध्या चुलतभावाच्या नावाने तोच पार्ट मिळू शकतो. सस्पेन्शन, ब्रेक, फिल्टर यांत हे बिनधास्त करा. चेन, वॉटर पंप आणि इंजेक्टर यांत अनोळखी नावाचा स्वस्त पार्ट घालू नका. तिथे मजुरी मोठी असते, आणि ती दोनदा भरावी लागते.

जुनाट गाड्यांवरची एक्स्टेंडेड वॉरंटी कुणी देऊ केली तर काय झाकलंय ते नंतर, आधी काय वगळलंय ते वाचा.

पायरी ९: पहिला महिना

गाडी आली की इतिहास काहीही असो, सगळे द्रव बदला: इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या मंजुरीचंच (फोक्सवॅगन-ऑडीच्या डीपीएफ डिझेलला ५०७, बीएमडब्ल्यूच्या डिझेलला एलएल-०४ असे कोड डब्यावर छापलेले असतात), ब्रेक फ्लुइड, गिअरबॉक्सचं ऑइल, चारही चाकं ओढणारी असेल तर कपलिंगचंही. कूलंट कंपनीच्या प्रकाराचं. रंग सारखा दिसतो म्हणून दुसरं मिसळू नका. यात एक-दोन मापं जातील, आणि इथून पुढचं आयुष्य तुमच्या वहीत मोजलं जाईल.

वही खरोखर ठेवा. पहिल्या १,००० किलोमीटरला ऑइल किती घटलं, कूलंटची खूण कुठे होती, डिझेल असेल तर डीपीएफची सफाई किती अंतराने झाली. १,००० किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल लागत असेल तर मेकॅनिकशी बोला. १०,००० ला अर्धा लागत असेल तर झोप घ्या.

आणि दुसरी किल्ली. ती सौद्याच्या दिवशीच मागा, दोन्हींनी गाडी चालू करून बघा. कोडिंगसकट नवी किल्ली एक माप सहज खाते, आणि ‘घरी असेल, शोधून देतो’ म्हणणाऱ्याला ती नंतर कधीच सापडत नाही.